साइटवर उभ्या असलेल्या माणसासाठी नकाशा : घराच्या ड्राफ्टिंगचं काम पायरीपायरीने

नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर पंखा असतो, समोर मोठा स्क्रीन असतो आणि चूक पुसायला एक बटण असतं. तो नकाशा वाचणारा मिस्त्री मात्र उन्हात उभा असतो. हातात टेप, खिशात लाइनदोरी, आणि दुपारपर्यंत सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लावायची घाई. एखादं माप सापडलं नाही तर तो फोन करेलच असं नाही. अंदाजाने धरेल आणि पुढे जाईल. म्हणून ड्राफ्टिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं असतं की सॉफ्टवेअरच्या आधी या माणसाचा विचार करा. प्रत्येक रेघ काढताना स्वतःला विचारा, याला इथे टेप लावायचा असेल तर शून्य कुठे धरेल?

या लेखात एका साध्या घराच्या निमित्ताने हे काम सुरुवातीपासून मांडतो. समजा, तालुक्याच्या गावात १२ मीटर बाय १८ मीटरचा प्लॉट आहे आणि त्यावर तळमजला अधिक एक मजला असं घर बांधायचं आहे. महाराष्ट्रातल्या छोट्या कार्यालयात येणारं बरंचसं काम असंच असतं.

शिक्षण आणि सामान

दहावीनंतर आयटीआयमध्ये आरेखक स्थापत्य, म्हणजे ड्राफ्ट्समन सिव्हिल, हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. स्थापत्य अभियांत्रिकीचा डिप्लोमा केलेली मुलंही या कामात येतात. आयटीआयचा फायदा असा की हाताने रेखाटन करून घेतात, आणि ज्याने कागदावर पेन्सिलने सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं चित्र, काढला आहे त्याला रेघेची जाडी कशासाठी असते हे सांगावं लागत नाही. केवळ तीन महिन्यांचा ऑटोकॅडचा (संगणकावर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरचा) क्लास करून आलेल्यांना आज्ञा पाठ असतात; पण तुळई कुठे संपते आणि स्लॅब कुठे सुरू होतो हे माहीत नसतं. तुमचं तसं झालं असेल तर घाबरू नका. जवळच्या एखाद्या बांधकामावर पाया खोदण्यापासून स्लॅबपर्यंत नियमित जात राहा. पाहिलेलं रोज वहीत काढा.

संगणक फार भारी लागत नाही. विद्यार्थ्यांना ऑटोकॅडचा शैक्षणिक परवाना मोफत मिळतो, पण तो शिकण्यासाठीच आहे, त्यावर धंद्याचं काम करू नये. स्वतःचं काम सुरू करताना झेडडब्ल्यूकॅड किंवा ब्रिक्सकॅडसारखे स्वस्त पर्याय पाहा. खरोखर पैसे घालावेत अशा वस्तू म्हणजे पाच मीटरचा चांगला टेप, तीस मीटरचा लांब टेप आणि जाड पुठ्ठ्याची मोजणीची वही.

जागेची मोजणी

प्लॉटवर जाताना सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मोजणी नकाशाची प्रत बरोबर असावी. चारही बाजू मोजा, आणि दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय परत येऊ नका. चार बाजू १२, १८, १२, १८ आल्या म्हणून प्लॉट काटकोनात आहे असं होत नाही; तो एका बाजूला कललेलाही असू शकतो. काटकोन असेल तर दोन्ही कर्ण २१.६३ मीटर यायला हवेत. एक २१.९ आणि दुसरा २१.३ आला, तर प्लॉट तिरका आहे आणि सामासिक अंतरं (हद्द आणि घर यांच्यात सोडायची मोकळी जागा) त्या तिरकेपणाला धरून मांडावी लागतील.

आता क्षेत्रफळ. आपला प्लॉट २१६ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे २,३२५ चौरस फूट, दोन गुंठ्यांहून थोडा जास्त. पण सातबाऱ्यावर वेगळा आकडा असू शकतो आणि मोजणी नकाशावर आणखी वेगळा. परवानगीच्या क्षेत्र तक्त्यात तिन्ही लिहावे लागतात: मालकीच्या कागदावरचं, मोजणीचं आणि प्रत्यक्ष जागेवरचं. हिशेबाला धरायचं ते यातलं सर्वांत कमी. मालकाला हे पहिल्याच दिवशी सांगा. पुढे एक खोली लहान करावी लागली तर त्याला कारण आधीपासून माहीत असेल.

बाजू मोजून झाल्यावर वहीत आणखी काही टिपायचं असतं: रस्त्याची पातळी प्लॉटपेक्षा वर आहे की खाली, पाणी कुठल्या कोपऱ्यात साचतं, विहीर, बोअर, झाड, विजेचा खांब, शेजाऱ्याच्या खिडक्या, गटाराचा तळ किती खोल. उत्तर दिशा होकायंत्राने पाहा. मोबाइल लोखंडी गेटजवळ धरला की दिशा चुकीची दाखवतो, म्हणून प्लॉटच्या मध्यावर उभं राहून बघा. दिशा चुकली तर मालकाने वास्तूप्रमाणे मागितलेलं स्वयंपाकघर भलत्याच कोपऱ्यात जातं, आणि त्यावरून होणारा वाद कुठल्याही तांत्रिक चुकीपेक्षा लांब चालतो.

जमीनही पाहा. काळ्या मातीत पाया कुठवर न्यायचा हे संरचना अभियंता ठरवेल, पण शेजारच्या घराच्या भिंतींना तडे आहेत का, विहिरीच्या कडेला मुरूम कुठून सुरू होतो, हे त्याला सांगणारे डोळे बहुधा तुमचेच असतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याचं बांधकाम असेल तर स्थानिक खाणीतला चिरा आधी मोजून घ्या. विटेची मापं डोक्यात ठेवून तिथली भिंत काढली की सगळ्या खोल्यांचं गणित चुकतं.

फाइल मांडणं

एकक मिलिमीटर ठेवा आणि सगळं खऱ्या मापात काढा. नकाशा १:१०० ला छापायचा आणि अक्षर कागदावर अडीच मिलिमीटरचं हवं, तर फाइलमध्ये ते २५० उंचीचं लागतं. १:५० ला १२५. हे एकदा समजलं की अक्षरं मुंगीएवढी किंवा भिंतीएवढी होत नाहीत.

लेयर, म्हणजे फाइलमधले एकावर एक ठेवलेले थर, थोडेच पण कडक पाळा: भिंत, कॉलम, दार-खिडकी, माप, मजकूर, फर्निचर, हॅच (भरणीच्या बारीक रेघा), ग्रिड (कॉलम बसवायच्या आडव्या-उभ्या आधाररेघा). कापलेल्या भिंतीची रेघ जाड, साधारण अर्धा मिलिमीटर. पलीकडे दिसणाऱ्या वस्तूंची त्याच्या निम्मी. हॅच सर्वांत बारीक. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असतील तर भिंत कुठली आणि फरशीची रेघ कुठली, हे साइटवर फिक्या झेरॉक्सवर कळत नाही.

तळमजला, पहिला मजला आणि गच्ची यांचा ग्रिड एकच असला पाहिजे. ग्रिड वेगळ्या फाइलमध्ये ठेवून बाकी फाइलींत एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरून जोडलेला संदर्भ म्हणून, जोडा. कॉलम एका मजल्यावर पन्नास मिलिमीटर सरकला आणि दुसऱ्यावर तसाच राहिला, ही गोष्ट छापील कागदावर डोळ्याला दिसत नाही. स्लॅबच्या दिवशी दिसते.

प्लॅन

भिंतींच्या जाडीपासून सुरुवात होते. पूर्वी बाहेरची भिंत नऊ इंची म्हणजे २३० मिलिमीटर आणि आतली साडेचार इंची म्हणजे ११५, असं सरळ होतं. आता अनेक ठिकाणी बाहेरची १५० आणि आतली १०० मिलिमीटर असते, त्यातही लाल वीट की हलका ब्लॉक यावर फरक पडतो. १५० च्या भिंतीत २३० चा कॉलम आला की ८० मिलिमीटर कुठेतरी बाहेर येणारच. बाहेरून सपाट ठेवला तर तो खोलीच्या कोपऱ्यात येतो. जिथे कपाट किंवा ओटा बसणार आहे त्या कोपऱ्यात तो आला तर सुतार आणि मालक दोघेही तुमच्या नावाने बोटं मोडतील. प्लॅनमध्ये कॉलम भरून दाखवा, आणि मग प्रत्येक खोलीत पलंग, कपाट, ओटा, दाराचा पल्ला मांडून बघा.

मापं बांधकाम ते बांधकाम आहेत की प्लास्टर-फरशी झाल्यावरची, हे कागदावर ठळक लिहा. ३.०० बाय ३.२० मीटरची खोली कागदावर ९.६ चौरस मीटर भरते. दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा मिलिमीटर प्लास्टर धरलं तर २.९७ बाय ३.१७, म्हणजे ९.४१. राष्ट्रीय इमारत संहिता निदान एका राहत्या खोलीला ९.५ चौरस मीटर मागते. असं अगदी काठावर काही बसवू नका. संडास-बाथरूममध्ये तर प्लास्टर, मसाला आणि टाइल मिळून एका बाजूला तीस-चाळीस मिलिमीटर सहज जातात. १२०० रुंदीच्या संडासात शेवटी ११३० च्या आसपास उरतं.

दार काढताना पल्ला कुठल्या भिंतीवर उघडून टेकतो ते बघा, आणि विजेचं बटण त्या भिंतीवर येत नाही ना, तेही. चौकटीला कोपऱ्यापासून शंभर मिलिमीटरची तरी जागा सोडा, नाहीतर चौकटीची पट्टी बसत नाही.

जिना

नवीन ड्राफ्ट्समनची खरी परीक्षा जिन्यात होते, म्हणून इथे थोडं थांबतो.

मजल्याची उंची ३ मीटर धरू. १८ उठाव (एका पायरीवरून दुसरीवर चढायची उंची) केले तर प्रत्येक उठाव १६६.६७ मिलिमीटर. दोन ओळींत नऊ-नऊ. नऊ उठावांना पायऱ्या, म्हणजे पाऊल ठेवायच्या सपाट जागा, आठच लागतात, कारण शेवटचा उठाव चौकावर, म्हणजे मधल्या लँडिंगवर, नेऊन सोडतो. नऊ उठाव आणि नऊ पायऱ्या काढणारे दर वर्षी भेटतात. पायरी २७० ची धरली तर आठ पायऱ्यांचे २१६० मिलिमीटर, दोन्हीकडे एक-एक मीटरचा चौक, म्हणजे जिन्याची खोली आतून ४.१६ मीटर लांब. संहितेप्रमाणे राहत्या इमारतीत उठाव १९० पेक्षा जास्त आणि पायरी २५० पेक्षा कमी नको. आपण दोन्हींत बसतो. दोनदा उठाव अधिक एकदा पायरी यांची बेरीज ६०० च्या आसपास आली की जिना पायाला सुखाचा लागतो. इथे ती ६०३ येते.

मग डोक्यावरची उंची. मालक म्हणतो, मधल्या चौकाखालून मागच्या अंगणात जायला वाट द्या. चौक जोत्यापासून १.५० मीटरवर. जोतं जमिनीपासून ०.६० मीटर. बेरीज २.१० मीटर, त्यातून चौकाचा १५० चा स्लॅब वजा केला की १.९५. चौकाखाली तुळई आली तर त्याहूनही कमी. चौकाखालच्या वाटेला संहितेत २.२० मीटर उंची लागते, म्हणजे वाट बसत नाही. उपाय आहे: पहिल्या ओळीत अकरा उठाव घ्या आणि दुसरीत सात. चौक १.८३ मीटरवर जातो, खाली २.२८ मीटर मिळतात. पण पहिली ओळ आता दहा पायऱ्यांची, २.७० मीटर लांब झाली, म्हणजे जिन्याची खोली ५४० मिलिमीटरने वाढली. हा अर्धा मीटर प्लॅनमधून आधीच काढून ठेवावा लागतो. खोल्या ठरल्यावर तो सापडत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी फार थोडे नकाशे दाखवतात. खोलीतल्या फरशीची मसाल्यासकट जाडी समजा ६० मिलिमीटर आहे आणि पायरीवरच्या ग्रॅनाइटची ३५. काँक्रीटमध्ये सगळे उठाव सारखे काढले, तर फिनिशिंगनंतर खालचा पहिला उठाव १४२ चा होतो आणि वरचा शेवटचा १९२ चा. घरातली म्हातारी माणसं नेमकी तिथेच अडखळतात. म्हणून जिन्याचा सेक्शन दोन रेघांत काढा, एक काँक्रीटची आणि एक तयार पृष्ठभागाची. सेंट्रिंगवाल्याला काँक्रीटची मापं वेगळी लिहून द्या.

सेक्शन

सेक्शन कुठून कापायचा? जिन्यातून एक, आणि संडास-बाथरूममधून एक. दिवाणखान्यातून कापलेला सेक्शन सोपा आणि सुंदर दिसतो, पण त्यातून साइटला काही कळत नाही.

पातळ्या एकाच शून्यापासून लिहा. रस्त्याचा मध्य किंवा प्लॉटजवळची एखादी पक्की खूण शून्य धरा आणि ती खूण नकाशावर दाखवा. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर वर हवं. पण पुढे रस्त्यावर डांबराचे थर चढत जाणार हे धरून, गावात काम करणारे जाणते लोक ६०० च्या खाली येत नाहीत, आणि मला ते पटतं. खिडकीची उंबरपट्टी, लिंटल (दार-खिडकीवरची तुळई), छज्जा, तुळईचा तळ, स्लॅबचा माथा, गच्चीचा उतार, सगळ्यांना पातळी लिहा. बाथरूमचा स्लॅब खाली घेतला असेल तर किती, तेही. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तिथली तयार फरशी खोलीच्या फरशीपेक्षा किती खाली, हा वेगळा आकडा आहे. दोन्ही लिहावे लागतात.

परवानगीचा नकाशा

महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबई महानगरपालिकेसाठी वेगळी नियमावली चालते. गोव्यात २०१० ची भूविकास व बांधकाम विनियम नियमावली आहे. तुम्ही ज्या हद्दीत काम करता तिथली चालू प्रत, दुरुस्त्यांसकट, संगणकावर ठेवा. सामासिक अंतरं, उंची, चटई क्षेत्र (एकूण किती बांधकाम करता येईल ते) हे तोंडपाठ आकड्यांवर काढू नका, कारण दुरुस्त्या येत राहतात.

महाराष्ट्राच्या नियमावलीत पी-लाइन हा प्रकार आहे. मजल्याच्या बांधकामाची बाहेरची कड धरून एक बंद रेघ काढायची आणि नियमात वगळलेल्या गोष्टी सोडून तिच्या आतलं सगळं क्षेत्र मोजायचं. ती रेघ खरोखर बंद पाहिजे. एका कोपऱ्यात अर्धा मिलिमीटरची फट राहिली की संगणकीय तपासणी क्षेत्र उचलत नाही, आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत कारण शोधत बसता. ऑनलाइन तपासणीसाठी प्रत्येक गोष्ट ठरवून दिलेल्या लेयरवरच हवी, म्हणून हा नकाशा कामाच्या नकाशापासून वेगळ्या फाइलमध्ये तयार करा.

रंगांची पद्धत जुनी आणि पक्की आहे: प्लॉटची हद्द जाड काळी, रस्ता हिरवा, प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरक्या रेघांत. सांडपाण्याची लाइन लाल तुटक. उत्तर दिशा, मोजमापाचं प्रमाण, क्षेत्र तक्ता, दार-खिडक्यांचा तक्ता, आणि मालक व वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता यांच्या सह्यांची जागा.

सहीचा मुद्दा स्पष्टच सांगतो. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं. ड्राफ्ट्समन नकाशा काढतो, सही त्याची नसते. दुसऱ्याची सही स्कॅन करून चिकटवा असं कुणी सांगितलं तर त्या कामातून बाहेर पडा, पैसे कितीही असोत. अनुभव जमल्यावर पर्यवेक्षक म्हणून परवाना घेण्याचा रास्त मार्ग ड्राफ्ट्समनला उपलब्ध आहे. त्याच्या अटी आपल्या नगरपालिकेत विचारा.

सेंटरलाइन

परवानगी मिळाली की कामाचे नकाशे सुरू होतात, आणि त्यातला पहिला सेंटरलाइनचा, म्हणजे भिंती-कॉलमांच्या मध्यरेघांचा. यावर लाइनआउट, म्हणजे जमिनीवर घराची आखणी, होतं. बाकी सगळी चूक फोडून सुधारता येते. इथली चूक घराबरोबर कायम राहते.

एका दिशेच्या रेघांना आकडे, दुसरीच्या रेघांना अक्षरं. मापं एकाच कोपऱ्यापासून वाढत जाणारी द्या: ०, ३.३५, ६.१०, ८.७७ अशी. मधली तुटक मापंही द्या, पण मिस्त्रीला टेप एकदा लावून सगळ्या खुणा करता आल्या पाहिजेत. तुकड्यातुकड्याने मोजलं की प्रत्येक तुकड्यात दोन-तीन मिलिमीटर जमा होत जातात. पहिला कोपरा प्लॉटच्या हद्दीपासून किती आत, हे दोन दिशांनी लिहा.

मग कर्ण. आपल्या घराचा बाहेरचा ग्रिड ८.७७ बाय ११.२७ असेल तर कर्ण १४.२८ मीटर. हा आकडा नकाशावर लिहून द्या. काटकोन तपासायला मिस्त्री ३-४-५ चं माप वापरतोच, पण पूर्ण घराचा कर्ण हातात असला की खात्री एका मापात होते. ही एक ओळ न लिहिण्याचं कुठलंही कारण मला आजवर सापडलेलं नाही.

कोपऱ्यातला कॉलम २३० बाय ४५० चा असेल आणि बाहेरच्या दोन्ही बाजूंनी सपाट ठेवायचा असेल, तर त्याचा मध्य एका बाहेरच्या कडेपासून ११५ वर आणि दुसरीपासून २२५ वर येतो. ग्रिडची रेघ मात्र दोन्हीकडे ११५ वरच आहे. म्हणजे एका दिशेला कॉलमचा मध्य ग्रिडवर नाही. फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, कॉलमच्या मध्यावर आहे की ग्रिडवर, हा प्रश्न लाइनआउटच्या दिवशी हमखास निघतो. प्रत्येक कॉलमचा ग्रिडपासूनचा सरक लिहा, आणि हद्दीजवळचं फुटिंग शेजाऱ्याच्या जागेत जात नाही ना, ते बघा.

लोखंडाचे नकाशे आणि सळईचा तक्ता

संरचना अभियंत्याकडून आकडे येतात आणि तुम्ही ते नकाशात उतरवता. आकडा शंकास्पद वाटला तर विचारा, स्वतः बदलू नका. पण काही गोष्टी तुमच्या नजरेतून सुटता कामा नयेत. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर: आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कॉलमला साधारणपणे ४०, फुटिंगला ५० मिलिमीटर. रिंगेचा, म्हणजे मुख्य सळयांना वेढणाऱ्या कड्याचा, हुक १३५ अंशांचा, आत वळलेला. साइटवर सोय म्हणून ९० अंशांत सोडतात, आणि भूकंपात तीच रिंग उघडते. कॉलमची सळई जोडायची ती मजल्याच्या मधल्या भागात, स्लॅबलगत नव्हे. आयएस १३९२० हे भूकंपरोधक बांधकामाचं मानक हेच सांगतं. नुसतं टिपेत लिहून भागत नाही, जोड काढून दाखवावा लागतो, कारण फिटर टीप वाचत नाही, चित्र बघतो.

सळईचा तक्ता करताना एका रिंगेचा हिशेब नीट समजला की बाकी सोपं. तुळई २३० बाय ४५०, कव्हर २५, म्हणजे रिंग बाहेरून १८० बाय ४००. परीघ ११६०. ८ मिलिमीटरच्या सळईच्या दोन हुकांना व्यासाच्या दहापट, म्हणजे ८०-८० मिळवा: १३२०. वळणांत सळई ताणली जाते, म्हणून कार्यालयांत चालणारी वजावट ९० अंशांच्या तीन वळणांना व्यासाच्या दुप्पट आणि १३५ च्या दोन वळणांना तिप्पट, एकूण ९६. उरले १२२४, धरा १२२५. बारा मीटरच्या सळईतून अशा नऊ रिंगा निघतात आणि ९७५ मिलिमीटरचा तुकडा उरतो. तो वाया जाऊ द्यायचा की एखाद्या लहान रिंगेला वापरायचा, हे तक्त्यात लिहिणारा ड्राफ्ट्समन मालकाचे पैसे वाचवतो. वजनासाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो दर मीटर: ८ च्या सळईला ०.३९५, १२ ला ०.८८९, १६ ला १.५८.

नकाशा हातातून सोडण्यापूर्वी

छापून तपासा. स्क्रीनवर डोळा फसतो. पिवळा मार्कर घेऊन एकेक माप मिळवत जा: आतल्या मापांची बेरीज भिंतींसकट बाहेरच्या मापाएवढी येते का, दार-खिडकीच्या तक्त्यातले नग प्लॅनमध्ये तितकेच आहेत का, सेक्शनमधली खिडकी एलिव्हेशनमध्ये (बाहेरून दिसणाऱ्या दर्शनी चित्रात) त्याच उंचीवर आहे का, वरच्या बाथरूमचा पाइप खाली दिवाणखान्यात तर उतरत नाही ना. माप हाताने टाइप करून बदलण्याची सवय लागू देऊ नका; रेघ ३१०० ची आणि लिहिलंय ३०००, असा नकाशा पुढे जो उघडेल त्याला फसवतो.

सुधारित नकाशाला नवा क्रमांक आणि तारीख द्या, काय बदललं ते एका ओळीत लिहा, बदललेल्या जागेभोवती ढगाची रेघ काढा. कुणाला, कधी, किती प्रती दिल्या, याची वही ठेवा. आज बहुतेक नकाशे व्हॉट्सअॅपवरून पीडीएफ म्हणून जातात आणि साइटजवळच्या दुकानात ए-३ च्या नाहीतर ए-४ च्या कागदावर छापले जातात, त्यामुळे प्रमाण मोडतं. म्हणून "लिहिलेलीच मापं पाळावीत, कागदावर मोजू नये" ही ओळ प्रत्येक पानावर हवी, आणि मोजपट्टीचं चित्रही. फाइलच्या नावात क्रमांक ठेवा. "फायनल", "फायनल नवीन" अशा नावांमुळे जुन्या नकाशावरून स्लॅब ओतले जातात.

जमेल तितक्या वेळा स्लॅबच्या आदल्या दिवशी साइटवर जा. तुम्ही काढलेली सळई त्या गर्दीत खरंच बसते का, व्हायब्रेटर आत जातो का, विजेचा पाइप कुठून गेला, हे तिथेच कळतं. मिस्त्रीला विचारा, नकाशात काय सापडलं नाही? त्याने सांगितलेलं पुढच्या नकाशात घाला.

काम मिळवताना

सरकारी खात्यांत आरेखक, सहायक आरेखक, अनुरेखक अशा जागा निघतात. नगररचना, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. खासगीत वास्तुविशारद, संरचना सल्लागार, बिल्डर आणि ठेकेदार यांची कामं निरनिराळी असतात. पहिली दोन वर्षं शक्य तर जिथे परवानगीचे आणि साइटचे, दोन्ही नकाशे होतात अशा लहान कार्यालयात काढा. मोठ्या कंपनीत वर्षभर फक्त दार-खिडक्यांचे तक्तेच वाट्याला येण्याची शक्यता असते. आखाती देशांत जाणाऱ्यांना रेव्हिट हे सॉफ्टवेअर यायला हवं. अमेरिकेची कामं इथे बसून करणाऱ्यांना फूट-इंचात विचार करावा लागतो.

मुलाखतीला नेण्यासाठी चकचकीत थ्रीडी चित्रं नकोत. एकाच घराचा पूर्ण संच न्या: मोजणीच्या वहीचं पान, प्लॅन, जिन्यातून सेक्शन, सेंटरलाइन, एका तुळईचा तपशील आणि तिचा सळईचा तक्ता. चांगला वास्तुविशारद यातला सेक्शन आधी उघडतो.

स्वतंत्र काम घेताना किती नकाशे, किती वेळा बदल, साइटला किती भेटी, हे सुरुवातीलाच लिहून घ्या आणि काही रक्कम आगाऊ घ्या. मूळ ड्रॉइंगची फाइल कधी द्यायची हेही त्यातच ठरवा. पैसे पूर्ण होईपर्यंत पीडीएफ द्यायचे आणि नंतर फाइल, ही पद्धत आधीच सांगितली असेल तर कुणी वाईट वाटून घेत नाही.